पात्राच्या तोंडी चालेल

ऊर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३) शिकवताना आम्ही कोकणी बोलीचे तोंडभर कौतुक करतो. आयदान म्हणजे बांबूची विणलेली टोपली-सुपे. मालवणकडच्या पोरांना हा शब्द समजावावा लागत नाही. मग चाचणी येते. आयदाने विणून मुले वाढवणाऱ्या त्या आईबद्दल एका मुलीने लिहिले, 'तिका रडूक येळ खंय? हात थांबलो काय चूल थांबली.' इतके नेमके विधान कुठल्याही गाइडात नाही. मी लाल शाईने दोन गुण कापले.

१९६२च्या शुद्धलेखन नियमांत एक सवलत आहे: 'केलं', 'गेलं' अशी बोलण्यातली रूपे पात्राच्या तोंडी चालतात, एरवी 'केले', 'गेले'. नियम अनुस्वारापुरता, आम्ही मास्तरांनी तो माणसांना लावला. बोली गोष्टीतल्या पात्राने बोलावी, मत मांडणाऱ्याने नव्हे! मग भाषिक क्षमता म्हणून आम्ही मोजतो काय? घरात आधी कोणी पदवीधर होते की नाही, हेच ना? माझ्या घरी नव्हते. म्हणूनच की काय, माझी शाई इतरांपेक्षा कडक.

प्रमाणभाषा शिकवूच नये, असे मी म्हणत नाही. कचेरीतले अर्ज तिच्यातच लिहावे लागतात. पण तिचे गुण वेगळे ठेवा, विचाराचे वेगळे. त्या मुलीचे दोन गुण मी परत दिले. मागच्या गठ्ठ्यांत किती कापले, ते आता मोजता येत नाही.