आधी विचारा, आवाज कोणी मोडला

माझी आत्या पानशेतच्या बॅकवॉटरलगत एका गावात राहते. तिथल्या जत्रेत, छबिन्याच्या वेळी, मी मोबाईलवर ढोल-लेझीम रेकॉर्ड केलं होतं. त्यातला मोठा ढोल मामांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा. मामा आता नाहीत आणि त्यांच्या वादनाचं रेकॉर्डिंग हे एकच आहे. आत्या म्हणाली, "तू आवाजावरच पीएचडी करतेस ना? मग एवढं नीट करून दे."

मी ढोलाच्या अगदी जवळ उभी होते. ठोका पडला की फोन आपोआप आवाज खाली ओढायचा आणि पुढच्या ठोक्याआधी परत वर चढवायचा. त्यामुळे मामांचा ढोल आणि शेतातले रातकिडे जवळजवळ सारख्याच जोरात ऐकू येतात. शिवाय मोठ्या ठोक्यांचे शेंडे सपाट कापले गेलेत.

अशा वेळी आपण सगळे जे करतो तेच मी केलं, सर्व्हे पेपर उघडला. झाविश्का, राज्मिक, ओझेरोव्ह आणि रेंकर यांचा डीक्लिपिंगवरचा २०२१ चा हा पेपर या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने वाचायलाच हवा. इतक्या पद्धती एकाच मापाने मोजून दाखवणं हे कष्टाचं काम आहे, आणि ते प्रामाणिकपणे केलंय. माझी तक्रार लेखकांपेक्षा आपण तो कसा वाचतो याबद्दल जास्त आहे.

त्यात आवाज बिघडवलाय तो लेखकांनीच. स्वच्छ रेकॉर्डिंग घेतलं, एका ठरावीक उंचीच्या वरचं सगळं छाटलं, अशा छाटणीच्या सात पातळ्या केल्या, आणि मग दुरुस्त आवाज मूळ आवाजाच्या किती जवळ गेला ते डेसिबलमध्ये मोजलं. इथे अल्गोरिदमला केवढी माहिती फुकट मिळते बघा: कोणतं सॅम्पल गेलंय ते कळतं, उरलेली सगळी खरी आहेत हे माहीत असतं, आणि गेलेलं सॅम्पल त्या उंचीच्या वरच असणार हेही नक्की असतं. माझ्या फाईलमध्ये यातलं काहीच धड नाही. फोनने प्रत्येक सॅम्पलला हात लावलाय, आणि वर फाईल लहान करताना सपाट शेंडेही थोडे वेडेवाकडे झालेत. कापलेलं कुठलं आणि शाबूत कुठलं, इथपासूनच प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट नमुन्यांची. व्हायोलिन, क्लॅरिनेट, हार्प, पियानो वगैरे दहा तुकडे, प्रत्येकी साधारण सात सेकंदांचे. त्यात चामड्याचं वाद्य एकही नाही. यातल्या बऱ्याच पद्धती 'आवाज थोड्याच फ्रिक्वेन्सींनी बनलेला असतो' असं धरून चालतात. व्हायोलिनच्या लांब सुराला ते लागू पडतं. पण टिपरू ढोलावर आदळतं त्या क्षणी ऊर्जा सगळीकडे पसरते. त्यामुळे तक्त्यात पहिली आलेली पद्धत ढोलावरही पहिली येईल असं मानायला काही आधार नाही.

तरी मी एक पद्धत चालवली. डीआर मीटरचा आकडा छान वाढला. हा मीटर ढोबळमानाने शिखर आणि सर्वांत मोठ्या भागांची सरासरी यांतलं अंतर दाखवतो. शेंडे उंच झाले की आकडा वाढणारच. एकाच मास्टरवरून काढलेल्या रेकॉर्डचा आकडा सीडीपेक्षा जास्त येतो तो याच कारणाने. तिथे नुसती फेज हलली तरी शेंडे वर येतात. माझे रातकिडे मात्र होते तिथेच होते, ठोक्यागणिक खालीवर.

माझ्या प्रश्नाच्या जास्त जवळ गेला तो गोर्लोव्ह आणि रीस यांचा २०१३ चा पेपर. कंप्रेसर केव्हा, किती आणि किती वेगाने आवाज दाबतो हे माहीत असेल तर ती क्रिया बरीचशी उलटवता येते, हे त्यांनी दाखवलं. अट 'माहीत असेल तर' ही आहे. फोन बनवणारे ते कुठे सांगतात?

शेवटी उपयोगी पडला तो जत्रेतला जनरेटर. रेकॉर्डिंगभर त्याची गुणगुण आहे. जनरेटर काही ढोलाच्या तालावर हळू-मोठा होत नाही, म्हणजे त्या गुणगुणीतला चढउतार हा बहुतांशी फोनचा. तो चढउतार मोजून मी आवाज उलट दिशेने ओढला. ठोक्याच्या नेमक्या क्षणी गुणगुण झाकली जाते, तिथे माझा निव्वळ अंदाज आहे, आणि फाईलसोबत दिलेल्या टिपणात मी तसं लिहिलंय. हे किती बरोबर आलं ते डेसिबलमध्ये सांगता येणार नाही, कारण तुलनेला मूळ आवाजच नाही. पेपर म्हणून पाठवलं तर रिव्ह्यूअर पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि तो रास्त असेल.

आत्याला दोन्ही फाईल दिल्या. शेंड्यांना जागा करायची म्हणून नवी फाईल एकूण हळू झालीये. ती ऐकून आत्या म्हणाली, "आवाज बारीक का केलास गं?" मी तिला व्हॉल्यूम वाढवायला सांगितलं.