जोड कशी लावायची?

माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत लोक घोडे बघायला जातात, तमाशाचे फड बघायला जातात. मला ओढ असते ती कुस्ती लागण्याआधीच्या पाच मिनिटांची. लंगोटावरची पोरं फडात फिरत असतात. पंच एकाचा हात धरून त्याला दुसऱ्यापाशी नेतो, दोघांना खेटून उभं करतो, मानेवर, दंडावर हात फिरवून बघतो. वजनकाटा नसतो. यंदा एक जोड अशी लागत होती की गर्दीतूनच ओरड झाली, "जोड नाही, जोड नाही!" एक पोरगा खांद्यात भरलेला, मान आणि डोकं एकाच मापाचं. दुसरा काटकुळा. पंच थबकला, तेवढ्यात काटकुळ्याचा वस्ताद पुढे येऊन म्हणाला, "लागू द्या. आमचं पोरगं पटात घुसतंय."

वस्तादाने तेवढ्यात मोठा हिशेब मांडला होता. इतकी ताकद विरुद्ध इतकी चपळाई, जोड होते. अतिमानवी नायकांचे ऑनलाइन खेळ रचणारी मंडळी नेमका हाच हिशेब वीस वर्षांहून अधिक काळ मांडत आली आहेत, आणि माझ्या मते तो त्यांना अजून जुळलेला नाही.

अडचण खरी आहे. चित्रकथेत लेखक एकटा असतो. डोंगर उचलणाऱ्याला कधी हरवायचं हे तोच ठरवतो. ऑनलाइन खेळात एकाच शहरात हजारो माणसं नायक होऊन वावरतात. एकाने अचाट ताकद निवडली, दुसऱ्याने धनुष्यबाण. पहिल्याच्या ठोशात खरोखर डोंगर हलवायचा जोर दिला तर दुसऱ्याला करायला काही उरत नाही. जोर कापला तर पहिल्याला आपण फसवले गेलो असं वाटतं. आपल्याकडे वालीच्या गोष्टीत हीच गाठ आहे. समोर येणाऱ्याचं अर्धं बळ वालीला मिळणार, हा वर एकदा दिल्यावर समोरासमोरच्या लढतीत त्याला उत्तरच राहत नाही. म्हणून रामाला झाडाआडून बाण सोडावा लागला. हनुमंताच्या बाबतीत कथेने अधिक चांगला तोडगा काढला: ताकद तशीच ठेवली, फक्त तिचा विसर पाडला.

संगणकाआधी हे खेळ कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळले जात. १९८१ मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'चॅम्पियन्स'मध्ये ताकद गुण मोजून विकत घ्यावी लागे, आणि जास्त गुण हवे असतील तर पात्राच्या अंगी वैगुण्य घ्यावं लागे. १९८५ च्या 'डीसी हिरोज'ने तर मोजपट्टीच बदलली. तिथे प्रत्येक एका अंकामागे ताकद दुप्पट होते. वीस अंकांचा फरक म्हणजे दहा लाख पटींहून जास्त, तरी कागदावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी मावतात. डोंगर उचलणारा आणि पोतं उचलणारा एकाच तक्त्यात बसवण्याची ती युक्ती मला आजही अतिशय देखणी वाटते.

मग २००४ मध्ये 'सिटी ऑफ हिरोज' आला. या प्रकारातला तो पहिला मोठा ऑनलाइन खेळ. कंपनीने तो २०१२ च्या नोव्हेंबरात बंद केला; पुढे खेळाडूंनीच २०१९ मध्ये तो पुन्हा उभा केला आणि २०२४ मध्ये त्यांच्या 'होमकमिंग'ला कंपनीची रीतसर परवानगीही मिळाली. विष्णुपुरीला अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा तो खेळतो. त्याच्या खोलीवर बसून मी तो बराच वेळ पाहिला. त्याच्या नायकाने 'सुपर स्ट्रेंग्थ' घेतलेली. त्यात 'रेज' नावाची एक शक्ती आहे. ती लावली की दोन मिनिटं ठोशांचा जोर कितीतरी वाढतो, नेमही सुधारतो. भाच्याने पाय आपटला की भोवतीचे सगळे उताणे पडत होते. आणि मग एकदम तो खुर्चीत मागे रेलला. "मामा, आता दहा सेकंद काही खरं नाही बघा." दोन मिनिटं सरली की दहा सेकंद त्या नायकाच्या ठोशात जीव राहत नाही, बचावही ढिला पडतो. रचनाकारांनी ताकदीवर लावलेला हा कर.

कल्पना चांगली आहे, अंमल फसला आहे. कारण हा कर घड्याळ वसूल करतं, प्रतिस्पर्धी वसूल करत नाही. समोर कोण आहे, त्याने काय केलं, याच्याशी त्या दहा सेकंदांचा काही संबंध नाही. सरावलेला खेळाडू तेवढा वेळ मागे सरकतो, पाणी पितो, परत येतो. २००५ च्या अखेरीस याच खेळात दुसरा उपाय झाला. एकाच शक्तीवर एकाच जातीची वाढ चढवत गेलं तर तिसऱ्या-चौथ्या वाढीपासून फायदा झपाट्याने घटू लागला. सगळ्यांचीच ताकद छाटली गेली, आणि खेळाडू फार दुखावले. हिशेबाच्या वहीत तो निर्णय बरोबर होता, हे मान्य करूनही मी खेळाडूंच्या बाजूचा आहे. बैलाची शिंगं कापली म्हणून त्याला धरणाऱ्याचं कसब वाढत नाही.

आणखी एक उणीव मला खुपते. या शहरात कशालाच वजन नाही. दगड भिरकावण्याची शक्ती वापरली की नायक जमिनीतून दगड उपसतो, मग तो रस्त्यावर असो की इमारतीच्या वरच्या मजल्यावर. २००९ चा 'चॅम्पियन्स ऑनलाइन' आणि २०११ चा 'डीसी युनिव्हर्स ऑनलाइन' इथे पुढे गेले; त्यांत रस्त्यावरची मोटार उचलून फेकता येते. पण तीसुद्धा शेवटी आणखी एका ठोशाइतकीच ठरते.

कुस्तीने जोड लावण्याचा हा प्रश्न दोन तऱ्हांनी सोडवला. एक तऱ्हा वजनगटाची. तिचं मोल महाराष्ट्राला कळायला हवं तितकं कळलेलं नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिक कांस्य मिळवलं ते बँटमवेट गटात, ५७ किलोत. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं तेही ५७ किलोत. आपल्याकडची महाराष्ट्र केसरीची मानाची गदा मात्र ८६ ते १२५ किलोंच्या गटात दिली जाते. म्हणजे खाशाबा आज असते तर त्या गदेसाठी त्यांना फडात पाऊलही टाकता आलं नसतं. आणि त्या एका गटात एकोणचाळीस किलोंचं अंतर आहे! गदेचा थाट मलाही प्रिय आहे. तरी जोड लावण्याच्या कसोटीवर ही रचना मला कच्ची वाटते.

दुसरी तऱ्हा मातीची, आणि माझं मन तिथे रमतं. मातीवर जुन्या कुस्त्या अर्धा-पाऊण तास चालत. दांडगा गडी सुरुवातीला रेटायचा, मानेवर हात टाकून दाबायचा. कसलेला गडी त्याला रेटू द्यायचा, अंग सोडून फिरवायचा, प्रत्येक रेट्याची किंमत त्याच्या दमातून काढायचा. मग ढाक किंवा कलाजंग. त्यात समोरच्याचंच वजन त्याच्यावर उलटतं. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार याच मातीतले. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णपदक विजेते, आणि बेळगावात दिल्लीच्या महाबली सतपालना हरवणारे मल्ल. त्या लढतीची आठवण आमच्याकडे अजून जेवणाच्या पंगतीत निघते.

मॅटवर दोन डावांत मिळून सहाच मिनिटं. तेवढ्यात दांडग्याचा दम संपत नाही, म्हणून नियमांना मध्ये पडावं लागतं. नुसता अडवून धरणाऱ्याला पंच ताकीद देतात, मग तीस सेकंदांची मुदत. तेवढ्यात कुणीच गुण घेतला नाही तर त्याच्या विरोधात एक गुण जातो. घड्याळ इथेही आहे, पण ते हल्ला करायला भाग पाडतं. आणि हल्ला म्हटला की उघडं पडणं आलंच. 'रेज'चं घड्याळ माणसाला बाजूला बसवतं. खेळ रचणाऱ्यांनी आमच्याकडून एकच गोष्ट न्यायची असेल तर ही न्यावी.

याचा अर्थ मॅटवर ताकदीचं काही चालत नाही असा नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत नांदेडकडून उतरलेल्या शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला मिनिटभराच्या आत चितपट केलं. त्याउलट याच स्पर्धेच्या २०२० च्या अंतिम लढतीत लातूरचा शैलेश शेळके आणि नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दोघेही वस्ताद काका पवारांचेच पठ्ठे, एकमेकांचे डाव पाठ असलेले. सदगीर ३-२ ने जिंकला. शेळके हरला याचं दुःख लातूरकर म्हणून मला आजही आहे, पण जोड म्हणाल तर अशी.

माळेगावच्या त्या कुस्तीला यंदा भाचा माझ्यासोबत होता. हलगी वाजू लागली. काटकुळ्याने दोनदा एकेरी पट काढला, दोन्ही वेळा दांडगा त्याच्यावर पोत्यासारखा पडून राहिला. तिसऱ्यांदा काटकुळा खालून निसटला, मागे गेला, आणि मग नुसता फिरू लागला. दांडगा त्याच्यामागे. दहा-बारा मिनिटांनी दांडग्याने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. छातीवर माती चिकटलेली, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. काटकुळ्याने वस्तादाकडे एकदा पाहिलं.

भाच्याने माझा दंड धरला. "मामा, त्याचे दहा सेकंद आता सुरू झाले."