संपणारा खेळ, न संपणारा खेळ

गेल्या पावसाळ्यात नवलाख उंबरे येथे एका कुटुंबाच्या घरभेटीस गेलो होतो. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे या गावाचे रूप पालटले आहे. भातखाचरांच्या शेजारी कारखाने उभे राहिले आहेत आणि नोकरीनिमित्त दूरच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे येथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. जपमाळेची प्रार्थना सुरू करावयाची म्हणून सारे गुडघ्यांवर आले. नववीतला मुलगा मात्र कोपऱ्यात मोबाईलमध्ये मान घालून बसला होता. वडिलांनी आवाज चढविला तेव्हा तो काकुळतीने म्हणाला, "पप्पा, पाचच मिनिटं! मधेच सोडलं तर माझे तिघं मरतील."

वडिलांनी मोबाईल हिसकावून घेतला. प्रार्थना झाली, चहाही झाला. परंतु ते वाक्य माझ्या मनातून जाईना. तो मुलगा उद्धट नव्हता. पडद्यावरच्या तीन सोबत्यांशी इमान राखण्याची त्याची धडपड होती. मग दोष कोणाचा? मुलाचा, की त्या खेळाच्या घडणीचा?

आपण पालक आणि धर्मगुरू या खेळांविषयी बोलतो तेव्हा केवळ तास मोजतो. पुस्तकाविषयी आपण असे करीत नाही. मुलगा दोन तास वाचत बसला असे कळले की, 'काय वाचत होता?' असा प्रश्न आपण आधी विचारतो. हाच प्रश्न खेळाविषयी का विचारू नये? व्हिडिओ गेम हीदेखील माणसांनी रचलेली कृती आहे. तिला कथानक असते, चित्रकला असते, संगीत असते आणि माणसाकडे पाहण्याची एक दृष्टीही असते. तेव्हा तिची समीक्षा व्हावयास हवी. त्या हेतूने धर्मग्रामातील एका तरुण अभियंत्याच्या संगणकावर मी एक खेळ पाहिला आणि, अडखळत का होईना, खेळलोही.

'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' हे त्याचे नाव. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा संस्थेने तो घडविला आहे. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संगणकावर व अन्य यंत्रांवर प्रसिद्ध झाला. 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पुरस्कारांत त्या वर्षीच्या पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांमध्ये त्याला नामांकन मिळाले. नवलाख उंबऱ्याहून पुणे सुमारे चाळीस किलोमीटर. पण त्या घरात या खेळाचे नाव कोणी ऐकलेले नव्हते. कारण उघड आहे. 'राजी'साठी चांगला संगणक किंवा महागडे यंत्र लागते आणि खेळ विकत घ्यावा लागतो. मोबाईलवरचा खेळ फुकट मिळतो.

कथा साधी आहे. राजी ही सर्कशीत कसरती करणारी पोरकी मुलगी. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर चालून येतात आणि मुलांना पळवून नेतात. तिचा धाकटा भाऊ गोलू त्यांत सापडतो. दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते आणि भावाच्या शोधात राजी निघते. ती भिंतीवरून धावते, खांबाभोवती गिरकी घेते, उंच कड्यांवरून उड्या मारते. सर्कशीतली कसरत हीच तिची युद्धकला आहे. पोटासाठी शिकलेले कसब संकटात कामी यावे, ही कल्पना मला फार माणुसकीची वाटली.

दृश्यरचनेची तर मुक्तकंठाने प्रशंसा करावी. राजस्थानी किल्ले आणि प्रासाद, पहाडी शैलीच्या लघुचित्रांची आठवण करून देणारे हाताने रंगविलेले रंग, कथेचे दुवे जोडण्यासाठी योजिलेला छायाबाहुल्यांचा खेळ, या साऱ्यांत भारतीय डोळ्यांना घरचा प्रत्यय येतो. ठिकठिकाणी भिंतींवर चित्रे आहेत. राजी त्यांच्यापाशी थांबली की त्यांतील पुराणकथा सांगितली जाते. खेळाडूला 'जरा थांब आणि पाहा' असे सांगणारा खेळ विरळाच.

पण 'राजी'चा सर्वांत मोठा गुण मला वेगळाच वाटतो. हा खेळ संपतो! चारपाच तासांत कथा शेवटास जाते आणि खेळाडू मोकळा होतो. एकदा पैसे दिले की पुन्हा मागणी नाही.

आता त्या मुलाच्या हातातला खेळ पाहू. तो 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया'. मुलांच्या तोंडी अजूनही 'पब्जी'च. दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीचा हा खेळ आहे. शंभर खेळाडू विमानातून हवाई छत्रीने एका निर्जन प्रदेशावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात, सुरक्षित वर्तुळ आकुंचत जाते आणि अखेरीस एकच तुकडी उरते. तिरस्काराने नाक मुरडण्याजोगा हा खेळ नाही. त्यात सावधपणा लागतो, एकमेकांना हाक द्यावी लागते, पडलेल्या सोबत्याला उठविण्यासाठी गोळीबारात धावून जावे लागते. त्या मुलाला जे इमान वाटत होते ते खोटे नव्हते.

परंतु येथे डाव संपतो, खेळ संपत नाही. एक डाव झाला की दुसरा मांडलेलाच असतो. नवा हंगाम येतो, नवी बक्षिसे येतात, पैसे देऊन घ्यावयाचे नवे पोशाख येतात. ज्या कंपनीचे उत्पन्न खेळाडूच्या परत येण्यावर अवलंबून आहे, ती त्याला निरोप कशाला देईल? मूळ 'पब्जी'वर आपल्या देशात सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये तो नव्या नावाने आला, २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्या वेळी अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली. जी मर्यादा रचनेत नाही ती बाहेरून, घड्याळाने घालावी लागली. समीक्षेच्या दृष्टीने हा त्या खेळाचा कबुलीजबाबच आहे.

या कसोटीवर 'राजी'चीही गय करता येत नाही. शेवट असलेल्या या खेळाचा शेवटच सर्वांत दुबळा आहे. अखेरच्या युद्धानंतर कथा घाईने आटोपते आणि बहीणभावाच्या नात्याला जी पूर्तता हवी ती मिळत नाही. गोलू हा प्रवासाला निघण्याचे निमित्त होऊन राहतो. दुर्गा आणि विष्णू यांचे संभाषण सतत ऐकू येते. राजीच्या मनात काय चालले आहे हे त्या मानाने फारच थोडे कळते. असुर तर मारले जाण्यापुरतेच आहेत. वैऱ्याचे मन पालटू शकते, ही शक्यता कथेच्या स्वप्नातही नाही. आणखी एक खंत. पुण्यात घडलेल्या या खेळातील पात्रे आधी इंग्रजीत बोलली. हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आले.

येथे काही वाचकांच्या मनात प्रश्न आला असेल. दुर्गा आणि विष्णू यांच्या कथेचा खेळ ख्रिस्ती मुलांनी खेळावा काय? कथा ऐकणे आणि उपासना करणे यांतील भेद मुलांना समजावून सांगितला तर भीतीचे कारण नाही, असे माझे मत आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. आपल्या प्रभूची कथा मराठी माणसाला सांगण्यासाठी त्यांनी पुराणाचाच साचा निवडला. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. शेजाऱ्याच्या कथा ठाऊक नसणे हे श्रद्धेचे लक्षण नव्हे.

खेळाचा विचार ख्रिस्तसभेला नवा नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुमा थिऑलॉजिया'त खेळाच्या अतिरेकाला दोष मानले, तसेच ज्याला खेळ आणि विनोद मुळीच रुचत नाही त्यालाही सदोष मानले. तेथे त्यांनी संत योहानाची एक परंपरागत गोष्ट दिली आहे. योहान शिष्यांसह खेळताना दिसला म्हणून काहींना धक्का बसला. तेव्हा त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला त्याने एकामागून एक बाण सोडावयास लावले आणि विचारले, असे अखंड करता येईल काय? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. माणसाचे मनही असेच, हे योहानाचे उत्तर.

सेमिनरीत ही गोष्ट शिकलो तेव्हा तिचा अर्थ सोपा वाटला होता : काम म्हणजे ताणलेले धनुष्य, खेळ म्हणजे सैल केलेली दोरी. आज त्या मुलाकडे पाहताना ध्यानी आले की दोरी सैल व्हावी म्हणून जो खेळ हाती घेतला, त्यानेच ती ताणून धरली आहे. परमेश्वरानेही सृष्टिकार्य पूर्ण करून सातव्या दिवशी विसावा घेतला. ज्याला पूर्णता नाही त्यातून विसावा लाभत नाही.

म्हणून खेळाची पारख करताना मी आता प्रथम हे पाहतो, की तो खेळाडूला मोकळे करतो काय. जो करीत नाही तेथे शेवट खेळाडूनेच घालावयाचा असतो. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदास पोहोचलेला कार्लो अक्युटिस हा मुलगा संगणकात रमणारा होता, व्हिडिओ गेमही खेळे; परंतु त्यासाठी आठवड्यात एकच तास असे त्याने स्वतःच ठरविले होते. ती मर्यादा त्याची स्वतःची होती, कोणी हिसकावून लादलेली नव्हती.

पुढे त्या घरी पुन्हा गेलो तेव्हा मुलाला विचारले, "एक डाव किती वेळ चालतो रे?" तो म्हणाला, "अर्धा तास, फादर. शेवटपर्यंत टिकलो तर." वडिलांना हे प्रथमच कळत होते. तेथेच दोघांचे ठरले की प्रार्थनेच्या आधीच्या अर्ध्या तासात नवा डाव मांडावयाचा नाही. म्हणजे सोबत्यांना टाकून उठण्याची वेळ येणार नाही आणि मोबाईल हिसकावण्याचीही. त्या सायंकाळी जपमाळेला मुलगा आमच्या आधी गुडघ्यांवर आला. मन कोठे होते ते देव जाणे. हात मात्र मोकळे होते.