पक्षपाताचा आरोप आणि बारडोलीचा वृत्तान्त

परकीय राजसत्तेने वृत्तपत्रांच्या लेखनावर आक्षेप घ्यावा, ही गोष्ट मराठी वाचकास नवी नाही. १८९७ आणि १९०८ साली लोकमान्य टिळकांवर झालेल्या राजद्रोहाच्या खटल्यांत 'केसरी'तील लेखांचाच आधार घेतला गेला होता. बारडोलीचे प्रकरण मात्र किंचित निराळे आहे. तेथे विपर्यासाचा आरोप दोन्ही पक्षांनी परस्परांवर केला आणि त्याची शहानिशा वर्षभरातच झाली. म्हणून महादेव देसाई यांचा 'द स्टोरी ऑफ बारडोली' हा १९२९ सालचा ग्रंथ वाङ्मयाच्या अभ्यासकानेही पुन्हा वाचण्यासारखा आहे.

१९२८ च्या फेब्रुवारीत शेतसाऱ्यातील २२ टक्के वाढीविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. वल्लभभाई पटेल व त्यांचे सहकारी हे 'बाहेरचे' आहेत, हा मुंबई सरकारचा पहिला आक्षेप. त्यावर, सरकारातच बाहेरच्यांचा भरणा अधिक आहे, हे वल्लभभाईंनी सुनावले. जुलैत 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या खास बातमीदाराने तालुक्यात बोल्शेव्हिक राजवट अवतरल्याचे आणि वल्लभभाई तेथील लेनिन बनल्याचे चित्र रंगविले. जुगतराम दवे यांच्याकडील प्रसिद्धिविभागाची 'सत्याग्रह पत्रिका' तर उघडच एका पक्षाची होती.

मग निःपक्षपाती कोण? आपल्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. पक्ष घेणे आणि सत्याचा अपलाप करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. 'बाहेरचे' व 'बोल्शेव्हिक' ही विशेषणे वाचकाच्या मनात भय उत्पन्न करतात. पण साऱ्याची वाढ न्याय्य होती की नाही, याविषयी ती काहीच सांगत नाहीत. याउलट, आकारणीचे आकडे चुकीचे आहेत, हे सत्याग्रहींचे विधान तपासून पाहता येण्याजोगे होते. ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन सरकारी अधिकाऱ्यांच्या समितीने ते तपासले. यांपैकी ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. तेव्हा त्यांना सत्याग्रहाचे पक्षपाती म्हणण्याची सोय नव्हती. समितीने खंडाच्या ज्या आकड्यांवर वाढ उभी होती ते अविश्वसनीय ठरविले आणि सुमारे सहा टक्केच वाढ सुचविली.

देसाई स्वतः तटस्थ नाहीत व तसा आवही आणीत नाहीत. त्यांच्या कथनाचे बळ हे की, सरकारचा पत्रव्यवहार ते वाचकापुढे ठेवतात आणि मगच त्याचे खंडन करतात. परंतु त्यांच्या दृष्टीची मर्यादाही सांगितली पाहिजे. हा लढा खातेदारांचा. साहजिकच कथेचा नायकही खातेदार. त्याच्याच शेतात पिढ्यान्‌पिढ्या वेठीने राबणारा दुबळा, म्हणजेच हळपती, या कथेच्या कडेलाच उभा राहतो. त्याच्याविषयी एकही विधान खोटे न लिहिताही वृत्तान्त अपुरा राहू शकतो. ही उणीव सरकारी आक्षेपकांनाही जाणवली नाही. कारण त्यांना खटकत होता तो पक्षपात केवळ त्यांच्या विरुद्धचा.

आज वृत्तपत्राच्या जोडीस दूरचित्रवाणी आली आहे आणि चित्र शब्दाहून अधिक वेगाने मनात उतरते. तथापि विद्यार्थ्यांपुढे कोणताही वृत्तान्त ठेवताना शिक्षकाने प्रथम दोनच प्रश्न विचारावेत. यातील कोणते विधान तपासता येईल? आणि यात कोणाचा आवाज आलाच नाही?