‘नकारात्मक ग्राहक’ : नकारात्मक कोणासाठी?

पर्यटनावरचे शोधनिबंध वाचायला लागलात, की ‘नकारात्मक ग्राहक वर्तन’ हा शब्दप्रयोग सारखा भेटतो. कर्मचाऱ्यांवर ओरडणं, खोलीतल्या वस्तूंची नासधूस, बिल न देता पळ काढणं, खोटी तक्रार करून पैसे उकळणं, आणि त्याच यादीत कित्येकदा ‘इंटरनेटवर वाईट अभिप्राय लिहिणं’ही. मोबाईलमुळे हे सगळं वाढलं, असा निष्कर्षही अधूनमधून दिसतो. माझा आक्षेप निष्कर्षाच्या आधीच सुरू होतो. या यादीवरच.

यादीचा इतिहास बघा. ख्रिस्तोफर लव्हलॉक या विपणनाच्या अभ्यासकाने १९९४ मध्ये ‘जेकस्टमर’ हा शब्द आणला. नियम मोडून कुठूनही रस्ता ओलांडणाऱ्याला इंग्रजीत ‘जेवॉकर’ म्हणतात, त्यावरून हा बेतला. म्हणजे अविचाराने किंवा दांडगाईने वागून कंपनीला, कर्मचाऱ्यांना किंवा इतर ग्राहकांना त्रास देणारं गिऱ्हाईक. कल्पना उपयोगी होती. ‘ग्राहक नेहमीच बरोबर’ या समजाला तिने चांगला धक्का दिला. पण प्रश्न व्यवस्थापनाच्या खुर्चीत बसून विचारलेला होता, आणि तो आजही बराचसा तिथूनच विचारला जातो.

आता मोबाईल नेमकं काय बदलतो ते पाहू. एक, राग आणि अभिव्यक्ती यांतलं अंतर संपतं. पूर्वी घरी जाऊन पत्र लिहीपर्यंत माणूस निम्मा शांत व्हायचा. आता रिसेप्शनसमोर उभं राहूनच एक तारा देता येतो. दोन, समोरचा माणूस दिसत नसला की जीभ सैल सुटते. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्येच ऑनलाइन वागण्यातली ही बेफिकिरी सविस्तर मांडली होती. तीन, आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रेक्षक सतत खिशात असतो. आपण जागा बघायला जातो की दाखवायला, हेच कळेनासं होतं.

या तिसऱ्या मुद्द्याचं ठळक उदाहरण म्हणजे जपानमधलं फुजिकावागुचिको हे गाव. तिथल्या लॉसन या दुकानाच्या छपरामागे फुजी पर्वत उभा दिसतो. तो फोटो समाजमाध्यमांवर पसरला आणि गर्दी लोटली. वाटेल तिथून रस्ता ओलांडणं, कचरा, शेजारच्या दंतवैद्याच्या आवारात गाड्या लावणं, फोटोसाठी त्याच्या छपरावर चढणं. शेवटी मे २०२४ मध्ये गावाने समोर अडीच मीटर उंच, वीस मीटर लांब काळी जाळी लावली. काही दिवसांतच जाळीला लेन्स मावेल एवढी भोकं पडली! गंमत अशी, की दंतवैद्याकडे दात दाखवायला यातलं कोणी आलंच नव्हतं. त्रास झाला तो ज्याचं कोणी गिऱ्हाईकच नव्हतं अशा शेजाऱ्याला. ‘ग्राहक आणि कंपनी’ एवढीच दोन टोकं धरणाऱ्या प्रश्नावलीत तो दिसणार कुठे?

आता दुसरं टोक. एप्रिल २०१७, शिकागोचा विमानतळ. युनायटेडच्या भरलेल्या विमानात कंपनीला आपल्या चार कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या होत्या. उतरायला नकार देणाऱ्या एका प्रवाशाला सुरक्षा कर्मचाऱ्यांनी फरफटत बाहेर काढलं. कंपनीच्या प्रमुखांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्या प्रवाशालाच गोंधळ घालणारा आणि भांडखोर ठरवलं. म्हणजे आपल्याच यादीतलं वर्तन! पण शेजारच्या प्रवाशांनी मोबाईलवर घेतलेली चित्रफीत जगाने पाहिली आणि दोनच दिवसांत कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. व्हिडिओ नसता, तर कंपनीची नोंद हीच घटनेची नोंद ठरली असती.

छपरावर चढणारा आणि विमानात मोबाईल काढणारा, दोघांच्याही हातात तेच यंत्र आहे. कंपनीच्या दृष्टीने दोघंही त्रासदायकच. पण दोन्ही एकाच खान्यात टाकून ‘मोबाईल वापराचा परिणाम’ काढला, तर आपण मोजतोय नक्की काय? आंबा आणि गोटी एकत्र तोलून सरासरी काढण्यासारखं आहे हे. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये सांगितलं होतं, की नाराज माणसापुढे दोन मुख्य वाटा असतात: निघून जाणं किंवा आवाज उठवणं, आणि हा आवाज संस्थेला सुधारायची संधी देतो. खरा वाईट अभिप्राय हा असा आवाज आहे. त्याला गैरवर्तन म्हणणं म्हणजे तापाऐवजी थर्मामीटरवर उपचार करणं.

मोजमापाची अडचण वेगळीच. अनेक अभ्यासांत कल्पित प्रसंग वाचायला देऊन ‘तुम्ही वाईट अभिप्राय लिहाल का?’ असं विचारतात आणि १ ते ७ पैकी आकडा निवडायला सांगतात. हा झाला इरादा. ‘मी कर्मचाऱ्याला धमकावलं’ यावर तर प्रामाणिक खूण करणारे विरळाच.

म्हणून अशा प्रत्येक वर्तनाला आधी तीन प्रश्न लावावेत. सांगितलेली गोष्ट खरी आहे का? त्रास कोणाला झाला: कंपनीला, कर्मचाऱ्याला की गावाला? आणि अभिप्रायाच्या बदल्यात काही मागितलं का? ‘खोली फुकट अपग्रेड करा, नाहीतर एक तारा’ ही खंडणी. ‘चादर मळकी होती’ ही माहिती. आज दोन्हींची नोंद एकाच रकान्यात होते. तो रकाना फोडल्याशिवाय मोबाईलला दोष देणारा किंवा त्याची बाजू घेणारा कुठलाही आकडा मला तरी पटणार नाही. पुढच्या वेळी ‘मोबाईलने पर्यटक बिघडवले’ अशी बातमी वाचाल, तेव्हा तुम्हीही यादी तपासा.