‘काहीतरी चूक झाली’, पण कोणाची?

दिवाळीच्या आधी तीन आठवडे आमच्या कराडच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. आई ब्लाउज शिवते. पलंगावर अस्तरं, खुर्चीवर मापाचे ब्लाउज, दाराच्या कडीला नावं लिहिलेल्या पिशव्या. गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी तिचा मला पुण्यात फोन आला. ‘अगं, ते ॲप मला आत घेत नाहीये. मी काहीतरी अवैध केलंय म्हणतंय.’

मला हसू आलं. मग तिने स्क्रीनचा फोटो पाठवला. लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘अवैध मोबाइल क्रमांक. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ तिने नंबरच्या आधी शून्य टाकला होता, एवढंच. पण ‘अवैध’ हा शब्द तिने आजवर कुठे वाचला होता? पेपरात. अवैध वाळूउपसा, अवैध दारू, अवैध बांधकाम. तिच्या दृष्टीने तो शब्द पोलिसांच्या बरोबरीने येतो.

प्रकरण असं होतं. लेस, लटकन, अस्तराचं कापड हे सगळं ती एका शॉपिंग ॲपवरून मागवते. जुन्या फोनची स्क्रीन गेली, नवा फोन घेतला, त्यात पुन्हा लॉगिन करायचं होतं. त्या अकाउंटमध्ये परत केलेल्या मालाचे १८४० रुपये अडकलेले होते. शिवाय एका काकूंना गेल्या वर्षीचीच लेस हवी होती आणि ती कोणत्या विक्रेत्याची, हे फक्त जुन्या ऑर्डरींच्या यादीत होतं. ॲपचं नाव मी घेत नाही. जे सांगणार आहे ते कमीअधिक फरकाने तुमच्याही फोनमध्ये आहे, आणि त्यातलं थोडं माझ्यासारख्याच कोणीतरी लिहिलेलं आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पुस्तकांवर, सिनेमांवर, वेबसीरिजवर आपण भरभरून लिहितो. पण फोनच्या स्क्रीनवर मराठीत जे गद्य येतं, ते कोणी समीक्षेच्या नजरेने वाचत नाही. त्या आठवड्यात मी आणि आईने मिळून ते वाचलं. फोनवर, ओळीओळीने. तिने वाचायचं, मी अर्थ सांगायचा. तिसऱ्या दिवसापर्यंत माझ्या लक्षात आलं, की मी भाषांतराचं भाषांतर करतेय.

शून्य काढून नंबर टाकल्यावर दुसरं वाक्य आलं : ‘ओटीपी पाठवला आहे.’ आई दहा मिनिटं फोन हातात धरून बसली. ओटीपी येणारच नव्हता. अकाउंटला जोडलेला नंबर तिच्या दुसऱ्या सिमचा होता आणि रिचार्ज महाग झाल्यावर ते सिम तिने सोडून दिलं होतं. आपल्याकडे ९० दिवस न वापरलेलं सिम कंपनी बंद करू शकते. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, पण मीही सांगितलं नव्हतं.

आता ‘पाठवला आहे’ या क्रियापदाकडे बघा. ॲपला खात्रीने एवढंच ठाऊक असतं, की मेसेज त्याने मेसेज पाठवणाऱ्या यंत्रणेच्या हवाली केला. पोहोचला की नाही, याची पोच बहुतेक वेळा मागाहून येते आणि कंपनीच्या सर्व्हरवर जमा होते. म्हणजे ‘या नंबरवर मेसेज पोहोचत नाहीये. तुमचा हा नंबर बंद झालाय का?’ असं विचारणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पण ‘पाठवला आहे’ म्हटलं की कंपनीचं काम संपतं आणि उरलेली सगळी जबाबदारी वाचणाऱ्यावर येते. आईनेही ती लगेच घेतली : ‘माझ्याच फोनमध्ये काहीतरी बिघडलं असेल.’

ॲप मराठीत असलं तरी ओटीपीचा मेसेज इंग्रजीत का येतो, हेही तिने एकदा विचारलं होतं. त्याचं एक कारण हिशेबाचं आहे. इंग्रजीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते, आणि काना, मात्रा, वेलांटी ही त्यात वेगवेगळी मोजली जातात. तोच मजकूर मराठीत पाठवायचा तर अनेकदा एकाऐवजी दोन मेसेजचे पैसे पडतात. शिवाय असा प्रत्येक मजकूर टेलिकॉम कंपन्यांकडे आधी नोंदवावा लागतो. एकदा इंग्रजीत नोंदवला की पुन्हा मराठीसाठी कोण खटपट करणार? आपल्या भाषेचं काय होतं हे दर वेळी कोणाच्या द्वेषामुळे ठरत नाही. कधी कधी ते एक्सेलच्या खर्चाच्या रकान्यात ठरतं.

मग आम्ही पासवर्डच्या वाटेने गेलो. वाक्य आलं : ‘मोबाइल क्रमांक किंवा पासवर्ड चुकीचा आहे.’ आई म्हणाली, ‘दोन्हींपैकी नक्की काय चुकलंय ते सांगायला यांचं काय जातं?’

इथे मला ॲपची बाजू घ्यावी लागली. या वाक्यातला ‘किंवा’ मुद्दाम ठेवलेला असतो. ‘पासवर्ड चुकीचा आहे’ एवढंच सांगितलं, तर या नंबरचं अकाउंट इथे आहे, हे आपोआप कळतं. चोर हजारो नंबर टाकून बघतो आणि कोणते खरे आहेत त्याची यादी करतो. म्हणून मोघम बोलायचं, असं आम्हाला शिकवलेलं असतं आणि ते बरोबर आहे. आईला हे लगेच पटलं. ‘म्हणजे दारावरच्या माणसाला, घरात कोण आहे, कोण नाही ते सांगायचं नाही,’ ती म्हणाली. एका वाक्यात समजणाऱ्या बाईला ते कारण स्क्रीनवर कोणीच सांगत नाही. ‘सुरक्षेसाठी आम्ही यापेक्षा जास्त सांगू शकत नाही’ ही एक ओळ खाली लिहिली तर चोराचा काही फायदा नाही आणि आईचा अपमान टळतो.

पाच वेळा चुकल्यावर काही तासांसाठी दार बंद झालं. मग ‘पासवर्ड विसरलात?’ इथे गेलो, तर त्यासाठी पुन्हा ओटीपी, त्याच बंद नंबरवर. ईमेलचा पर्याय होता, पण तो ईमेल सहा वर्षांपूर्वी मोबाइलच्या दुकानातल्या पोराने पहिला स्मार्टफोन सुरू करून देताना बनवला होता. पासवर्ड त्यालाच माहीत, आणि आता त्या दुकानाच्या जागी मोमोज मिळतात. या सगळ्या शोधाशोधीत फोन तसाच राहिला आणि नवं वाक्य आलं : ‘तुमचे सत्र कालबाह्य झाले आहे.’

आईला कालबाह्य झालेली औषधं माहीत आहेत. सत्र म्हणजे माझ्या कॉलेजचं, नाहीतर कोर्टाचं. अवैध, प्रयत्न, सत्र. ‘मी लेस घ्यायला आलेय का जामीन घ्यायला?’ ती म्हणाली.

हे शब्द कुठून येतात ते मला माहीत आहे. आम्ही स्क्रीनवरची सगळी वाक्यं एका फाइलमध्ये ठेवतो. प्रत्येक वाक्याला एक नाव, त्यापुढे इंग्रजी मजकूर. ती यादी भाषांतरकाराकडे जाते. त्याला स्क्रीन दिसत नाही. हे वाक्य कोण वाचणार, ते कोणत्या प्रसंगी येणार, आधी काय घडलेलं असणार, यातलं काहीच त्याला कळत नाही. ‘सत्र’ हा शब्द शब्दकोशात चूक नाही. चूक एवढीच, की या वाक्याचा वाचक आम्ही त्याला दाखवलाच नाही. म्हणून ‘भाषांतर वाईट आहे’ एवढं म्हणून मला थांबता येत नाही. मूळ इंग्रजी वाक्यच कोणाशी बोलण्यासाठी लिहिलेलं नव्हतं.

शेवटी ॲपमध्ये पाचव्या पायरीवर लपलेला मदतीचा पर्याय सापडला. तो दाबल्यावर आलं : ‘काहीतरी चूक झाली.’

माझ्या मते हे या सबंध वाङ्मयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. ‘चूक झाली’ म्हणताना कोणी केली हे न सांगताही मराठीत वाक्य पूर्ण होतं. घरात काचेचा ग्लास ‘फुटला’ म्हणतो, तशी ही सोय. भाषेने ती आपल्याला दिलीय आणि आपण सगळेच ती वापरतो. पण मोठी कंपनी एकट्या बाईशी बोलताना ही सोय वापरते, तेव्हा रिकाम्या जागी ती बाई आपलंच नाव भरते. ‘माझंच काहीतरी चुकलं’ हे आई त्या आठवड्यात इतक्या वेळा म्हणाली, की मी मोजणं सोडलं. त्या वेळी चूक त्यांच्या सर्व्हरची होती. तासाभराने तेच बटण नीट चाललं.

आणि हे वाक्य मीही लिहिलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या ॲपमध्ये चौदा वेगवेगळ्या बिघाडांसाठी मी हेच एक वाक्य लावलं होतं, कारण शुक्रवार होता आणि काम संपवायचं होतं. चौदाही वेळा चूक आमचीच असणार, हे मला तेव्हा माहीत होतं.

कस्टमर केअरचा माणूस अखेर फोनवर आला. त्याने विचारलं, शेवटच्या दोन ऑर्डरी कोणत्या, किती तारखेच्या, किती रुपयांच्या? मला वाटलं, संपलं. पण आईने शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधून वही काढली. धंद्याची वही. तारीख, माल, रक्कम, कोणत्या गिऱ्हाइकासाठी, सगळं. तिने घडाघडा वाचून दाखवलं. त्यानंतर ओळखपत्राचा फोटो मागितला, चार दिवस गेले आणि अकाउंट नव्या नंबरवर आलं. तिची ओळख पटवली ती चाळीस रुपयांच्या वहीने. इंजिनिअर म्हणून मला हेही दिसतं, की ती वही दुसऱ्याच्या हाती लागली असती तर त्यालाही अकाउंट उघडता आलं असतं. सुरक्षितता सोपी नसते, हे मला मान्य आहे. माझी तक्रार तपासणीबद्दल नाहीच, तपासणाऱ्याच्या बोलण्याबद्दल आहे.

शेवटचा अडथळा नव्या पासवर्डचा. ‘किमान एक मोठे अक्षर, एक अंक व एक विशेष चिन्ह आवश्यक.’ आईने विचारलं, ‘मोठं म्हणजे केवढं?’ प्रश्न बरोबर होता. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी नाहीच. म्हणजे त्या वाक्यातले शब्द मराठी, पण अर्थ समजायला इंग्रजी यावी लागते. गंमत म्हणजे हा नियमही आता जुना झालाय. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने दिलेल्या सूचनांमुळे तो जगभर पसरला. त्या लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी संस्थेने, अशी सक्ती करू नका, लांब पासवर्ड चालू द्या, असं सांगितलं. तरी कराडमध्ये आई अजून मोठं अक्षर शोधतेय.

एक कामाची गोष्ट सांगून ठेवते. जुनं सिम सोडायच्या आधी बँक, ईमेल आणि शॉपिंग या सगळीकडे नंबर बदला. घरातल्या मोठ्यांचाही. बंद झालेला नंबर कमीत कमी ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलं होतं. त्यानंतर मात्र तो कोणालाही मिळू शकतो, आणि मग तुमचा ओटीपी खरोखरच ‘पाठवला’ जातो, परक्या माणसाला.

चांगलं वाक्य कसं असतं, ते मी आईकडून शिकले. गिऱ्हाइकाला ती सांगते : ‘वहिनी, खांदा पाव इंच उतरतोय, माझ्याकडून कापताना झालं. मंगळवारी न्या.’ काय बिघडलं, कोणामुळे, कधी नीट होईल. तीन गोष्टी, कुठेही ‘अवैध’ नाही.

दिवाळीनंतर मी आमच्या त्या चौदा जागांची यादी तिला वाचून दाखवली आणि तिने सांगितलं तसं लिहून घेतलं. ‘आमच्याकडे बिघाड झालाय. तुमचे पैसे कापले गेलेले नाहीत. अर्ध्या तासाने बघा.’ सोमवारच्या मीटिंगमध्ये विचारणा झाली, की ‘आमच्याकडे’ म्हणायची गरज आहे का, कंपनीवर येईल ना? चौदांपैकी नऊ वाक्यं बदलली. पाच ठिकाणी अजून ‘काहीतरी चूक झाली’ आहे.

काकूंची लेस वेळेत आली. ब्लाउज घालून बघितल्यावर बाही जरा घट्ट झाली. आई म्हणाली, ‘माझी चूक. उद्या दहाला न्या.’