'योगदान' आणि संशोधन : उर्दू-मराठीच्या सीमेवरील प्रबंधलेखन

मराठी आणि उर्दू या दोन्ही विभागांत पदव्युत्तर स्तरावर सादर होणाऱ्या प्रबंधांचे विषय पाहिले, तर 'जीवन आणि कार्य', 'एक अभ्यास' आणि 'योगदान' हे तीन शब्द वारंवार भेटतात. त्यांतील 'योगदान' हा शब्द मुस्लिम विद्यार्थ्याला विशेष जवळचा वाटतो आणि ते स्वाभाविकही आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ज्यांना दोन-चार ओळींची जागा मिळाली, त्यांची नोंद करावी ही इच्छा रास्तच आहे. परंतु 'योगदान' हे संशोधनाचे उत्तर असू शकते, प्रश्न नव्हे. उत्तर आधीच ठरले असेल तर चारशे पृष्ठांत केवळ उदाहरणे गोळा होतात.

शेख महंमद श्रीगोंदेकर यांचे उदाहरण बोलके आहे. 'योगसंग्राम' हा त्यांचा अठरा प्रसंगांचा ग्रंथ 1645 मध्ये पूर्ण झाला. वा. सी. बेंद्रे यांनी त्यांचे वाङ्मय संपादित केले, तर रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या 1967 च्या ग्रंथात त्यांना व्यापक संदर्भ दिला. शेख महंमद यांचा संबंध चांद बोधले यांच्याशी जोडला जातो. हेच चांद बोधले जनार्दनस्वामींचेही, म्हणजे एकनाथांच्या गुरूंचे, गुरू होते असे एक परंपरा मानते. दुसरी परंपरा तेथे दत्तात्रेयांचे नाव घेते. हा खरा संशोधनविषय आहे. कादिरी सिलसिल्यातील फार्सी शजरे, मराठी गुरुपरंपरेच्या ओव्या आणि दौलताबादची स्थानिक परंपरा समोरासमोर ठेवल्याशिवाय तो पुढे सरकणार नाही.

प्रत्यक्षात काय घडते? मराठीचा विद्यार्थी शजरा वाचू शकत नाही, उर्दूचा विद्यार्थी ओवीबद्ध ग्रंथाकडे वळत नाही. मग पहिल्याच्या प्रबंधात शेख महंमद वारकरी ठरतात, दुसऱ्याच्या प्रबंधात सूफी, आणि दोघांच्याही तळटीपांत ढेरे यांचेच नाव असते. स्वतःला 'अविंध' म्हणवणारा हा कवी दोन्ही चौकटींत मावत का नाही, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. श्रीगोंद्यातील त्यांचे स्थान दर्गा की मंदिर, यावर अलीकडच्या वर्षांत वाद झडला आहे. अशा वेळी अर्धवट वाचलेला कवी कोणाच्याही हाती सापडतो. प्रबंधातील आळसाची किंमत ग्रंथालयाबाहेरही मोजावी लागते, ती अशी.

दखनीची अवस्था वेगळी नाही. उर्दू विभागांत ती उर्दूचे प्राचीन रूप म्हणून शिकवली जाते. बाबूराम सक्सेना यांच्या 1952 च्या ग्रंथाचे नावच 'दक्खिनी हिन्दी' आहे. या दोन दाव्यांच्या ओढाताणीत मराठीचा वाटा शब्दयादीपुरता उरतो. 'नको' आणि निश्चयार्थी 'च' मराठीतून दखनीत आले, हे प्रत्येक प्रबंध सांगतो आणि तेथेच थांबतो. वस्तुतः काम तेथून सुरू व्हायला हवे. मराठीत 'जाऊ नको' म्हणतात. हैदराबादी बोलीत 'नक्को जाओ' असेही म्हणतात. शब्द मराठी, पण वाक्यातील त्याची जागा 'मत'ची आहे. शिवाय मराठीतील 'नको, नका, नकोस' ही रूपे मागे पडून दखनीत एकच रूप चालते. 'च' मात्र 'वोइच', 'ऐसाइच' अशा रूपांत मराठीप्रमाणेच शब्दाच्या शेवटी चिकटतो. एक शब्द आपली जागा बदलतो आणि दुसरा बदलत नाही, असे का? मुल्ला वजही यांच्या 1635 च्या 'सबरस'मधील असे सर्व प्रयोग मोजून त्यांचे वर्गीकरण केले, तरी एक नेमका प्रबंध उभा राहील.

जुन्या पिढीने या वाटा बंद ठेवल्या नव्हत्या. 'सबरस'चे संपादन करणारे मौलवी अब्दुल हक यांनीच मराठीवरील फार्सीच्या प्रभावावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. माधवराव पटवर्धन यांचा 'फार्शी-मराठी कोश' 1925 चा आहे. एक उर्दूचा कैवारी, दुसरा भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता. दोघांची मते भिन्न होती, पण दुसरी भाषा वाचण्याचा कंटाळा दोघांनाही नव्हता.

नियमांनी ही उणीव भरून निघणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नाही. संगणक उचललेले वाक्य दाखवतो. न वाचलेले मूळ साधन दाखवत नाही. 2022 च्या नियमावलीने एम.फिल. बंद केल्यामुळे हात बसवण्याची एक पायरीही गेली. म्हणून एम.ए.च्या स्तरावरच लिपी आणि हस्तलिखित यांचा सराव होणे आता अधिक निकडीचे झाले आहे. अन्य विभागातील सहमार्गदर्शक घेण्याची सोय नियमांत आहे; वापर मात्र क्वचितच होतो.

यादी करणे निरुपयोगी आहे, असे येथे सुचवायचे नाही. नावे, प्रती आणि मुद्रिते यांची सूची झाल्याखेरीज पुढचे काम होत नाही. मात्र सूचीला प्रबंध म्हणू नये आणि गौरवाला निष्कर्ष समजू नये. उर्दूच्या विद्यार्थ्याने एका वर्षात मोडी आणि मराठीच्या विद्यार्थ्याने नस्तालीक लिपी शिकावी, एवढी अट विभागांनी घातली तरी विषयांची यादी आपोआप बदलेल. ज्या समाजाला आपल्या पूर्वसूरींचा सन्मान हवा आहे, त्याने आधी त्यांचे लिखाण मूळ अक्षरांत वाचणारे विद्यार्थी घडवले पाहिजेत.